हंगामाआधी डोळ्यांचे छायाचित्र

(बीड जिल्ह्यातील पंचायत सदस्य, शिक्षक व अधिकारी यांच्यासमोर अंधत्व निवारणाच्या प्रश्नावर झालेल्या भाषणाचा मजकूर)



मोतीबिंदू हा शब्द आज मराठवाड्यातील कोणत्याही खेड्यात समजावून सांगावा लागत नाही. म्हातारीच्या बाहुलीत पांढरे दिसू लागले, सुईत दोरा ओवण्यासाठी ती नातवाला हाक मारू लागली, की घरातले कोणी तरी 'शिबिर कधी आहे' असे विचारतेच. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ साली सुरू झाला. त्यानंतर प्रथम शिबिरांतून आणि पुढे रुग्णालयांतून इतक्या शस्त्रक्रिया झाल्या की मोतीबिंदू बरा होतो, ही गोष्ट लोकांनी शेजारच्या घरात प्रत्यक्ष पाहिली. कार्यक्रमाचे खरे प्रचारक तेच बरे झालेले शेजारी होत.

काचबिंदूला असा प्रचारक मिळत नाही, कारण या रोगात गेलेली दृष्टी कोणालाही परत मिळालेली नाही.

नावावरून दोन्ही रोग भावंडे वाटतात. स्वभाव मात्र भिन्न आहेत. मोतीबिंदूत डोळ्याचे भिंग गढूळ होते. ते काढून कृत्रिम भिंग बसविले की दिसू लागते. काचबिंदूत भिंग स्वच्छ असू शकते. बिघाड होतो तो पाठीमागे, डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या मुख्य नसेत. शास्त्रीय परिभाषेत तिला दृक्‌चेता म्हणतात. सुमारे दहा ते बारा लाख अतिसूक्ष्म तंतूंची ही जुडी आहे. डोळ्याच्या पुढील भागात एक द्रव सतत तयार होत असतो आणि एका बारीक जाळीतून तो वाहून जात असतो. ही वाट तुंबली की आतला दाब वाढतो आणि त्या दाबाखाली तंतू एकेक करून मरू लागतात. मेलेला तंतू पुन्हा उगवत नाही. जे शिल्लक आहे ते राखणे, एवढेच वैद्याच्या हाती उरते. 'पिकू द्या, मग बघू' हा मोतीबिंदूविषयीचा जुना सल्ला आता वैद्यकशास्त्र मानीत नाही. फार पिकलेला मोतीबिंदू स्वतःच डोळ्यातील दाब वाढवू शकतो. काचबिंदूच्या बाबतीत तर हा सल्ला माणसाला सरळ आंधळेपणाकडे नेतो.

या रोगाचा एक प्रकार एकाएकी येतो. डोळा लाल होतो, असह्य ठणकतो, डोके दुखते, ओकाऱ्या होतात, दिव्याभोवती रंगीत वलये दिसतात. असा रुग्ण त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे पोहोचला पाहिजे. डोकेदुखीची गोळी घेऊन रात्र काढू नये. पण बहुसंख्य रुग्णांत रोग वर्षानुवर्षे काहीही न दुखवता चालतो. प्रथम कडेची दृष्टी जाते. मध्यभागी दिसणारे शाबूत असल्यामुळे माणूस वर्तमानपत्र वाचतो, नोटा मोजतो, समोरच्याला ओळखतो. एका डोळ्याची उणीव दुसरा डोळा भरून काढतो आणि उरलेली मेंदू आपल्या अंदाजाने बुजवून टाकतो. यामुळेच तक्रार घेऊन येणाऱ्यालाच तपासायचे, ही आपल्या दवाखान्यांची नेहमीची रीत येथे अपुरी पडते. भारतातील काचबिंदूच्या रुग्णांची संख्या २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार, चाळीस वर्षांवरील वयोगटात, १ कोटी १२ लाख इतकी होती. दक्षिण भारतातील पाहण्यांत असे आढळले की, प्रत्येक दहा रुग्णांपैकी नऊ जणांना आपल्याला हा रोग आहे हे तपासणीच्या दिवसापर्यंत माहीतच नव्हते.

बीड जिल्ह्यात याचा अर्थ काय होतो, हे पाहण्यासाठी एक कोयता डोळ्यांसमोर आणावा. ऊसतोडीच्या भाषेत कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. नवरा पंचेचाळीस वर्षांचा आहे. दिवसा उसाच्या फडात त्याला काही अडचण जाणवत नाही. हाताच्या अंतरावरचे बुडखे त्याला नीट दिसते. रात्री गाडी भरण्याची वेळ येते. डोक्यावर मोळी, मालमोटारीला लावलेली फळी आणि खाली अंधार. पायाजवळचे दिसणे ज्याचे गेले आहे त्याचा पाय फळीच्या कडेवरून घसरतो. लोक म्हणतात, थकला होता. कोणी म्हणते, प्यायला असेल. डोळ्याचे नाव कोणी काढीत नाही, आणि खुद्द त्या माणसालाही ते सुचत नाही. पुढे दोन-तीन हंगामांनंतर मुकादम उचल द्यायला कां कूं करू लागतो, तेव्हा कोठे डोळ्यांचा दवाखाना आठवतो. तोवर एका डोळ्याची नस बहुतेक वाळलेली असते.

मग ज्याची तक्रारच नाही त्या माणसात रोग शोधायचा कसा? सुदैवाने मानवी शरीरात डोळ्याची ही नस अशी आहे की तिचे टोक त्वचेला छेद न देता बाहेरून पाहता येते. बाहुलीतून प्रकाश आत सोडला की मागील पडदा, म्हणजे दृष्टिपटल, उजळतो आणि त्यावर सुमारे दीड मिलिमीटर रुंदीची फिकट गुलाबी चकती दिसते. दृक्‌चेतेचे टोक ते हेच. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ साली आपल्या नेत्रदर्शकाचे वर्णन प्रसिद्ध केले, तोपर्यंत जिवंत माणसाच्या डोळ्याचा हा भाग वैद्यकाला जवळजवळ अज्ञात होता. काचबिंदूत ही चकती खचते, हे त्यानंतर काही वर्षांतच लक्षात आले. १८८६ साली इंग्लंडमध्ये जॅकमन आणि वेबस्टर यांनी जिवंत डोळ्याच्या पडद्याचे छायाचित्र प्रसिद्ध केले. त्यासाठी अडीच मिनिटे डोळा स्थिर ठेवावा लागला होता. छायाचित्रासाठी अडीच मिनिटे न हलता बसणारा तो माणूस कोण होता, याचेच आज नवल वाटते. आजचा कॅमेरा हे काम डोळ्याची पापणी लवण्याआधी करतो. अनेक कॅमेऱ्यांना बाहुली मोठी करणारे औषधही लागत नाही, आणि काही तर हातात धरण्याजोगे, मोबाईलला जोडलेले असतात. १९९१ साली आलेल्या ओसीटी या तंत्राने तंतूंच्या थराची जाडी सूक्ष्ममापाने मोजता येऊ लागली. पण ते यंत्र महाग आहे आणि मोठ्या रुग्णालयातच शोभते. गावापर्यंत जाऊ शकतो तो साधा कॅमेरा.

या छायाचित्रात पाहायचे काय, हे समजून घेणे शिक्षकांना व पंचायत सदस्यांना अवघड नाही. गुलाबी चकतीच्या मध्यभागी एक फिकट खळगा असतो. निरोगी डोळ्यात तो सहसा लहान असतो आणि भोवती तंतूंची जाड गुलाबी कड असते. तंतू मरू लागले की कड झिजते व खळगा पसरतो. विहिरीचा काठ ढासळत जावा आणि तोंड रुंद होत जावे, तसे हे असते. चकतीच्या निम्म्याहून बराच मोठा खळगा, दोन डोळ्यांतील खळग्यांत ठळक फरक, खालच्या किंवा वरच्या कडेला पडलेली खाच, चकतीच्या काठावर रक्ताची बारीक रेघ, या गोष्टी दिसल्या की जाणकाराला संशय येतो. दृष्टिक्षेत्राच्या नेहमीच्या तपासणीत पहिला दोष उमटेपर्यंत तंतूंचा एक मोठा हिस्सा, कित्येकदा चौथ्या भागाहून अधिक, नष्ट झालेला असू शकतो. छायाचित्राचे मोल येथे आहे. माणसाला जाणवण्याच्या, आणि कधी कधी दृष्टिक्षेत्र मोजणाऱ्या यंत्रालाही कळण्याच्या आधी ते खूण दाखवू शकते. शिवाय ते जपून ठेवता येते. यंदाचे छायाचित्र तीन वर्षांनंतरच्या छायाचित्राशेजारी ठेवले की खळगा वाढला की नाही, यावर वाद उरत नाही.

डोळ्यातील दाब मोजला की पुरे, असा एक समज आहे. दाब मोजलाच पाहिजे. साधारण १० ते २१ मिलिमीटर पारा ही त्याची नेहमीची कक्षा मानतात. परंतु दक्षिण भारतातील पाहण्यांत सापडलेल्या सामान्य प्रकारच्या काचबिंदूच्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक जणांचा दाब तपासणीच्या वेळी या कक्षेतच होता. म्हणून नस पाहण्याला पर्याय नाही.

महाराष्ट्राच्या खेड्यांत हे काम झालेले आहे. नागपूरच्या सूरज आय इन्स्टिट्यूटने जर्मनीतील हायडेलबर्ग विद्यापीठाच्या सहकार्याने २००६ ते २००९ या काळात नागपूरजवळच्या ग्रामीण भागात मोठी पाहणी केली. डॉ. विनय नांगिया यांच्या पुढाकाराने झालेल्या या पाहणीत तीस वर्षांवरील ४,७११ ग्रामस्थांच्या डोळ्यांची तपशीलवार तपासणी झाली आणि दृक्‌चेतेची छायाचित्रे घेण्यात आली. शेती करणारी, उन्हातान्हात राबणारी माणसे यंत्रासमोर हनुवटी टेकवून बसली. खेड्यातील माणूस असल्या तपासणीला येत नाही, ही सबब त्यानंतर टिकू नये. मुंबईत महानगरपालिकेच्या दवाखान्यांतून आणखी एक प्रयोग झाला. तेथे नेत्रतज्ज्ञ नव्हे तर प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य कर्मचाऱ्याने मधुमेहींच्या डोळ्यांची छायाचित्रे मोबाईलच्या कॅमेऱ्याने घेतली आणि त्याच उपकरणातील कृत्रिम बुद्धिमत्तेने, इंटरनेटच्या जोडणीवाचून, ती वाचली. डॉ. एस. नटराजन व त्यांचे सहकारी यांनी त्याचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध केले. तो प्रयोग मधुमेहामुळे पडद्यावर होणाऱ्या विकाराचा होता, काचबिंदूचा नव्हे. पण कॅमेरा तोच, पडदा तोच आणि चकतीही त्याच चौकटीत येते. बालाघाटाच्या डोंगरातील ज्या वाड्यांवर दूरध्वनीचा संपर्क मध्येच तुटतो, त्यांच्या दृष्टीने 'जोडणीवाचून' हा शब्द महत्त्वाचा आहे.

एवढे ऐकल्यावर उत्साही सरपंच विचारतील की, मग साऱ्या गावाचीच छायाचित्रे का काढू नयेत? येथे थोडे गणित करावे लागते. आपल्या देशातील पाहण्यांवरून चाळीशीच्या पुढच्या शंभर जणांत साधारण दोन ते चार जणांना काचबिंदू असतो. एक हजार माणसे तपासली आणि त्यांत ३० रुग्ण आहेत असे धरू. तपासणी चांगली आहे, शंभरातील नव्वद रुग्ण पकडते आणि निरोगी शंभरांपैकी नव्वदांना बरोबर सोडते, असेही धरू. तर ३० पैकी २७ सापडतील. पण उरलेल्या ९७० निरोगी माणसांपैकी ९७ जणांवर विनाकारण शिक्का बसेल. म्हणजे अंबाजोगाईला किंवा बीडला धाडलेल्या १२४ जणांपैकी ९७ जण मजुरी बुडवून, भाडे खर्चून जातील आणि 'काही नाही' हे ऐकून परत येतील. पुढच्या वर्षी ते येणार नाहीत आणि शेजाऱ्यालाही येऊ देणार नाहीत. काहींची चकती जन्मतःच मोठी असते व तिच्यातला खळगाही मोठा दिसतो. सपाट छायाचित्रात त्याचा भेद करणे यंत्राला काय, कधी कधी तज्ज्ञालाही कठीण जाते. उलटपक्षी मोतीबिंदू दाट असेल किंवा बाहुली बारीक असेल तर छायाचित्र धूसर येते. अमेरिकेतील तज्ज्ञांच्या शासकीय मंडळाने २०२२ साली, तक्रार नसलेल्या सर्वच प्रौढांची काचबिंदूसाठी तपासणी करावी की नाही हे ठरविण्यास पुरावा अपुरा असल्याचे मत दिले, तेही लक्षात ठेवले पाहिजे.

यातून मार्ग असा की, प्रथम ज्यांना धोका अधिक त्यांना बोलवावे. ज्याच्या आई-वडिलांना किंवा सख्ख्या भावंडाला काचबिंदू आहे, त्याला तो होण्याचा संभव इतरांच्या कित्येक पट असतो. गावात एक रुग्ण सापडला की त्याच्या घरातील चाळिशी ओलांडलेले प्रत्येक माणूस यादीवर आले पाहिजे. साठीच्या पुढची माणसे, मधुमेही, लहान वयापासून जाड उणे नंबरचा चष्मा लागलेले यांचाही त्यात समावेश हवा. आणखी एक गट आहे, आणि त्याचा दोष आपल्याच बाजारपेठेकडे जातो. डोळे खाजतात, लाल होतात, म्हणून दुकानातून चिठ्ठीवाचून आणलेली थेंबाची बाटली महिनोन् महिने वापरणारे लोक पुष्कळ आहेत. अशा काही थेंबांत स्टेरॉईड असते. त्याने खाज थांबते आणि काही जणांच्या डोळ्यातील दाब चढत जातो. शाळकरी मुलेही यातून सुटत नाहीत. वर्गातील एखादा मुलगा खिशात थेंबांची बाटली बाळगताना दिसला, तर शिक्षकांनी ती कोणी लिहून दिली हे अवश्य विचारावे.

आता बीड जिल्ह्याचा खास प्रश्न. काचबिंदूचे औषध बहुधा आयुष्यभर, रोज घालायचे असते. दसरा उलटला की आष्टी, पाटोदा, शिरूर, धारूर, वडवणी, केज अशा तालुक्यांतील कित्येक गावे निम्मी रिकामी होतात. पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटक यांतील कारखान्यांच्या पट्ट्यात ही माणसे मार्च-एप्रिलपर्यंत कोपीत राहतात. डिसेंबरात घेतलेले शिबिर त्यांच्या उपयोगाचे नाही. मार्चमधला जागतिक काचबिंदू सप्ताहही त्यांच्या वाट्याला येत नाही. छायाचित्र ऑगस्ट-सप्टेंबरात निघाले, संशयितांची पक्की तपासणी हंगामाआधी झाली, तरच त्याचा उपयोग. महिला ऊसतोड कामगारांच्या आरोग्याचा प्रश्न २०१९ साली राज्यभर चर्चिला गेला, तेव्हापासून जाण्यापूर्वीच्या आरोग्य तपासणीची आवश्यकता जिल्ह्यात सर्वांना पटली आहे. त्याच तपासणीत डोळ्याचे छायाचित्र घेतल्यास वेगळी फेरी मारावी लागणार नाही.

उपचार ठरवितानाही वैद्याला रुग्णाचा हंगाम ठाऊक असला पाहिजे. लॅटानोप्रोस्ट हे थेंब दिवसातून एकदाच घालावे लागतात, ही सोय. पण त्याच्या कित्येक बाटल्या उघडण्यापूर्वी शीतपेटीत ठेवाव्या लागतात, आणि कोपीत शीतपेटी कोठून येणार? टिमोलॉल स्वस्त आहे व बाहेर टिकते. मात्र दम्याच्या रुग्णाला ते घातक ठरू शकते. लंडनच्या मूरफील्ड्स व इतर रुग्णालयांतील एका मोठ्या चाचणीत, २०१९ साली, प्रारंभीच्या रुग्णांना थेंबांऐवजी आधी लेसर देण्याची पद्धत परिणामकारक ठरल्याचे दिसून आले. त्यानंतर कित्येक रुग्णांना निदान काही वर्षे थेंबांची गरज पडली नाही. सहा महिने घराबाहेर राहणाऱ्या माणसासाठी लेसर किंवा शस्त्रक्रिया यांचा विचार अधिक अगत्याने व्हावा. अर्थात हा निर्णय नेत्रतज्ज्ञाचा. गावाने करायचे ते इतकेच की, 'हा माणूस दिवाळीनंतर येथे नसतो' हे चिठ्ठीवर लिहून पाठवायचे.

हंगामात गावात उरते कोण? म्हातारी माणसे आणि शाळेतील मुले. काचबिंदूचा धोका ज्यांना सर्वांत अधिक, ती साठीपुढची माणसे तर हिवाळाभर गावातच असतात. म्हणून कॅमेऱ्याच्या दोन फेऱ्या धराव्या लागतील. कामगारांसाठी पोळ्याच्या सुमारास आणि आजी-आजोबांसाठी पौष-माघात. या दुसऱ्या फेरीत शिक्षकांचे काम मोठे आहे, कारण आजीच्या डोळ्यात थेंब घालणारा हात बहुतेक घरांत तिसरी-चौथीतल्या नातवाचा असतो. खालची पापणी हलकेच ओढावी, बाटलीचे टोक डोळ्याला लागू न देता एकच थेंब सोडावा, डोळा मिटून नाकाकडचा कोपरा बोटाने एक-दोन मिनिटे दाबून धरावा. परिपाठाच्या वेळी एकदा पाण्याच्या थेंबाने करून दाखविले की मुले ते विसरत नाहीत. 'आजी, आज औषध टाकले का' हा प्रश्न आशा कार्यकर्तीपेक्षा नातवाने विचारला तर आजीला चुकविता येत नाही.

पंचायतीकडे येते ते यादीचे काम. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत चाळिशीपुढील स्थलांतरित कुटुंबांची आणि माहीत असलेल्या काचबिंदू रुग्णांच्या नातलगांची यादी वाचता येईल. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपर्यंत कोण गेले, कोण राहिले, कोणाला अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा बीडच्या जिल्हा रुग्णालयात जावयाचे आहे, ते स्पष्ट व्हावे. २६ जानेवारीच्या सभेत तीच नावे पुकारली तर निम्म्या नावांना उत्तर देणारे कोणी गावात नसते. यादीत केवळ 'तपासले' असा रकाना असून भागणार नाही. 'पोहोचला का' आणि 'औषध चालू आहे का' हे दोन रकाने त्यापुढे हवेत, नाही तर छायाचित्रांची संख्या अहवालात वाढेल आणि डोळे जायचे ते जातील.

एका गोष्टीबाबत मात्र सावध राहिले पाहिजे. या याद्या ग्रामसभेत वाचताना रोगाचे नाव उच्चारू नये. केवळ तपासणीसाठी यावयाची माणसे म्हणून नावे घ्यावीत. उचल ठरविण्याच्या दिवसांत ही बातमी मुकादमापर्यंत गेली, तर ज्याचा डोळा अजून पूर्ण कामाचा आहे अशा माणसाचा कोयता मोडेल, आणि पुढच्या वर्षी त्या वाडीवर कोणी कॅमेऱ्यासमोर हनुवटी टेकवणार नाही. छायाचित्राची प्रत, औषधाचे नाव आणि पुढील तपासणीचा महिना लिहिलेले कार्ड रुग्णाच्या स्वतःच्या हाती द्यावे. त्याची दुसरी प्रत प्राथमिक आरोग्य केंद्रात राहील. त्यावर संपर्कासाठी गावात मागे राहिलेल्या घरच्या माणसाचा दूरध्वनी क्रमांक असावा, मुकादमाचा नसावा.